कपाटातला पाय

माझ्या थोरल्या बहिणीचा पहिला कृत्रिम पाय आणि दाजींच्या शेतातले तुषार सिंचनाचे पाइप एकाच पदार्थाचे होते: पॉलिथिलीन, तेही जास्त घनतेचं. पाय गव्हाळ होता आणि पाइप काळे, एवढाच फरक. काळा रंग काजळीचा असतो, उन्हानं प्लास्टिक फुटू नये म्हणून मिसळलेली. हे मी सांगितलं तेव्हा अक्का हसली. दाजींना मात्र ते लागलं.

“म्हंजे पाइपच दिला म्हना की,” ते म्हणाले. “पाइप तर आपल्या शेतात आखाड्यावर ढीगभर पडलेत. उगंच केजला चकरा मारल्या.”

“तुमच्या पाइपाला पंजा हाय का?” अक्का म्हणाली. “मग गप बसा.”

मी अंबाजोगाईच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत आलो. पॉलिमरचा धडा पुस्तकाच्या शेवटी येतो, म्हणून तो दरवर्षी घाईत उरकला जातो. त्यावर हमखास एक प्रश्न येतो, यापलीकडे मुलांना त्याच्याविषयी आस्था नसते. मलाही फारशी नव्हती. आपल्याच घरातलं एक माणूस त्या धड्यावर उभं राहून चालायला लागेल, अशी कल्पना शिक्षकाला सहसा नसते.

अक्काला नेकनूरला दिलेलं. रस्त्याला लागून दाजींचं किराणा दुकान, मागे घर, घरामागे लांबट अंगण आणि अंगणाच्या टोकाला संडास. दुकान दाजींच्या नावावर होतं आणि अक्का चालवायची. दाजी गिऱ्हाइकाशी राजकारणावर बोलायचे, तेवढ्यात अक्का साखर तोलून, पुडा बांधून, सुटे पैसे देऊन मोकळी. तिला बरीच वर्षं शुगर होती. गोड खाणं तिनं सोडलं नव्हतं, चारचौघांत खाणं सोडलं होतं. करंगळीला चप्पल लागल्याचं निमित्त झालं. जखम वर सरकत गेली आणि शेवटी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

“गुडघा वाचलाय, मावशी,” सर्जन तिला म्हणाले. “आता सगळा जीव त्याला लावा.”

मला त्यांनी बाहेर व्हरांड्यात गाठून उरलेलं सांगितलं. गुडघा आहे तोवर ही बाई पाय लावून चालेल, गादीवरून उठेल, स्वतःचं स्वतः करेल. उद्या पुन्हा जखम झाली आणि गुडघ्याच्या वर जावं लागलं, तर या वयात, या वजनात, या शुगरमध्ये माणसं बहुधा परत चालत नाहीत. त्यांनी हे शांतपणे, रोज सांगावं लागणाऱ्या माणसाच्या आवाजात सांगितलं. मी ते अक्काला सांगितलं नाही. दाजींना सांगितलं. ते म्हणाले, “डॉक्टर लोक भ्या दाखवत्यात,” आणि दुकानाचा माल आणायला निघून गेले. बाजाराच्या कोपऱ्यावर मला ते टपरीमागे उभे दिसले. डोळे पुसत होते.

पहिला पाय मिळाला तो केजच्या एका मंगल कार्यालयात भरलेल्या शिबिरात. मापाच्या दिवशी तिथं समारंभ नव्हता, त्यामुळे सगळं नीट चाललं होतं. कारागिरानं अक्काच्या उरलेल्या पायावर प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळली. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी पिऊन घट्ट होताना उष्णता बाहेर टाकतं, हात लावला तर कळतं.

“वर कोमट लागायलंय,” अक्का म्हणाली. “खाली काईच न्हाई.”

कारागिरानं माझ्याकडे पाहिलं. शुगरनं खालच्या नसा मेल्या होत्या, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. मी पंख्याकडे पाहिलं.

मग त्या साच्यावरून बनवलेल्या प्लास्टरच्या ठोकळ्यावर त्यांनी पाइप चढवला. पाइपाचा तुकडा भट्टीत ठेवतात. पॉलिथिलीनच्या लांबच लांब साखळ्या थंड असताना काही ठिकाणी घडीच्या लुगड्यासारख्या रचलेल्या असतात आणि काही ठिकाणी नुसत्या विस्कटलेल्या. तापल्यावर सगळ्याच विस्कटतात आणि ते गव्हाळ प्लास्टिक एकाएकी रंगीत काचेसारखं अर्धपारदर्शक दिसायला लागतं. नेमक्या त्या क्षणी जाड हातमोजे घातलेली दोन माणसं तो तुकडा ओढून ठोकळ्यावर चढवतात. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली गोष्ट मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली आणि मला खरोखर आनंद झाला.

वाटपाचा दिवस वेगळा. सकाळीच सगळ्यांना पाय चढवून दिले होते आणि माणसं कार्यालयभर हिंडत होती. एक म्हातारे गृहस्थ काही काम नसताना जिना चढत होते, उतरत होते, पुन्हा चढत होते. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी निघाल्याचा फोन आला. निवेदकानं माइकवरून विनंती केली की लाभार्थ्यांनी आपापले पाय काढून आयोजकांकडे जमा करावेत, कारण ते पाहुण्यांच्या शुभहस्ते द्यायचे आहेत. पाय जमा झाले. पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडून प्रत्येकाला झेंडूचा हार घातला गेला. पाहुण्यांची गाडी निघाली होती ही गोष्ट खरी असावी, पण कुठून ते कुणी सांगितलं नव्हतं. उन्हं कलायला लागली तेव्हा ते आले आणि निवेदक म्हणाला, “सर्वांनी उभं राहून टाळ्यांच्या गजरात स्वागत करायचं आहे.”

“कशावर?” अक्का मोठ्यांदा म्हणाली.

मागे लावलेल्या बॅनरवर पुष्कळ चेहरे होते, पाय एकही नव्हता. भाषणात स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा उल्लेख इतक्या वेळा आला की शेवटी शेवटी टाळ्याही दमल्या. पाहुण्यांनी अक्काच्या हाती जो पाय ठेवला तो एका ट्रॅक्टरवाल्याचा उजवा होता. फोटो झाल्यावर आम्ही अदलाबदल केली.

पाय मात्र उत्तम होता, हे मला मान्य करावंच लागतं. पंजा रबराचा, आत स्पंजासारखं रबर आणि लाकडाचा तुकडा. रबराच्या चिकातल्या साखळ्या एकमेकींवरून घसरत असतात. गंधक घालून तापवलं की त्यांच्यामध्ये पूल बांधले जातात, आणि मग दाबलं, पिळलं, तरी रबर मूळ आकाराला येतं. अक्का त्या पायानं चिखलातून गेली, अंगणात सडा टाकत फिरली, दुकानात पोत्यांमधून वाट काढत राहिली. पायाला काहीसुद्धा झालं नाही.

झालं ते अक्काला. कापलेला भाग पहिल्या वर्ष-दीड वर्षात आकसत जातो, सगळ्यांचाच. पॉलिथिलीन आकसत नाही. आतलं फोमचं अस्तर, हवाई चपलेच्या तळव्याचा असतो तसलाच फोम, दबून दबून पापडाएवढं झालं, कारण त्याच्या कप्प्यांतली हवा एकदा गेली की परत येत नाही. उरलेला पाय बसतो ती खोबण सैल झाली. मोकळ्या जागेत अक्कानं जुन्या लुगड्याच्या चिंध्या भरल्या.

“नवं माप घ्यायला पाहिजे, अक्का.”

“चालतंय की. दुखत न्हाई.”

या ‘दुखत न्हाई’ची मला भीती वाटायची.

अक्काचा मुलगा, माझा भाचा, पुण्यात एका कंपनीत आहे. त्यालाही ती भीती वाटत असावी, कारण एका दिवाळीत तो आईला पुण्याला घेऊन गेला आणि नवा पाय करवून आणला. हा पाय म्हणजे एखाद्या परदेशी पाहुण्यासारखा होता. खोबण कार्बनच्या काळ्या धाग्यांची, राळेत घट्ट केलेली. आत मोज्यासारखं गुंडाळत चढवायचं सिलिकॉनचं अस्तर, इतकं मऊ की दाजी ते पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. आणि पंजा पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा. त्याला पाच बोटं, बोटांना नखं. त्यात जोडवं घालता येईल का, हे अक्कानं तिथल्या माणसाला विचारून घेतलं होतं. तिच्या आकसलेल्या पायाच्या ताज्या मापाचा, तिच्या मेलेल्या नसांना जपणारा पाय. मला वाटलं, गुडघ्याची काळजी मिटली.

आठवड्यानं नेकनूरला उतरलो तर अक्का दुकानाच्या गादीवर, पायाला पुन्हा पाइप.

“नवा कुठाय?”

“कपाटात.”

“का?”

“मग काय रोज घालू? इतका भारी हाय. दुकानात तेल सांडतंय, मिठाची पोती हायेत. कावून वाटोळं करायचं?”

आमच्याकडे नवी वस्तू आधी कपाटात जाते, हे मला ठाऊक होतं. आईच्या ट्रंकेत एक सतरंजी होती, तिच्या लग्नातली. आई जाईपर्यंत त्या सतरंजीवर कुणी बसलं नव्हतं. अक्काच्या घरी टीव्हीच्या रिमोटवर अजून कारखान्याचं प्लास्टिक आहे आणि त्याच्यावरून बटणं दाबता दाबता त्याला भोकं पडली आहेत. वापरली की वस्तू संपते, ठेवली की राहते, हा आमच्या घराण्याचा अलिखित धर्म. यात कंजूषपणा नाही. वस्तूविषयीचा आदर आहे, आणि स्वतःविषयीचा थोडा अनादर.

नवा पाय ती लक्ष्म्यांच्या सणाला घालायची, एखाद्या लग्नाला घालायची. घरी आल्यावर पाहुण्यांच्या ताटासारखा तो साबणानं स्वच्छ धुवायची, वरवर पुसायची, पुण्याहून आला त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंडाला रबर लावायची आणि डांबरगोळ्यांसकट लोखंडी कपाटात ठेवायची. कपाट पत्र्याच्या खोलीत. आमच्या उन्हाळ्यात त्या खोलीत दुपारी कुणी पाऊल टाकत नाही.

मी एकदा दुकानात बसून तिला समजावलं. म्हटलं, “हा पंज्याचा फोम वापरला नाही तरी म्हातारा होतो, अक्का. ओला करून बांधून ठेवलास तर लवकरच होतो. घाल तू तो. घातलास तरच टिकेल.”

तिनं पुडा बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, मागच्याच सालात तू हितं बसून मला काय सांगत होतास? कॅरीबॅग देऊ नको, प्लास्टिक शेकडो वर्षं नासत न्हाई. गिऱ्हाइकापुढं बोललास. आन् आता हे प्लास्टिक नासतंय व्हय?”

दाजी पेपरातून डोकं वर काढून हसले. “आता द्या उत्तर.”

सांगितलं होतं, खरं होतं. कॉलेजच्या प्लास्टिकमुक्ती सप्ताहाचा मी प्रमुख होतो. त्या सप्ताहाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचा सत्कार आम्ही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पुष्पगुच्छानं केला होता. ते सोडा. मी म्हटलं, “प्लास्टिक हे नुसतं आडनाव आहे, अक्का. घरातल्या सगळ्यांचा स्वभाव सारखा नसतो. कॅरीबॅग वेगळी, हा फोम वेगळा.”

“आडनाव तेच ना? मग झालं,” ती म्हणाली. “आन् तुझ्या कपाटातली ती जाडजाड पुस्तकं? काचंआड ठेवलीत. कोन वाचतंय रोज? पन ठेवलीत ना?”

दुकानात एक बाई हिंग घ्यायला आली होती, तीही हसली. मी चहा पिऊन बसथांब्यावर आलो. आपण बरोबर आहोत आणि त्याचा काही उपयोग नाही, ही अवस्था शिक्षकाच्या सवयीची असते. पण वर्गात त्या अवस्थेमुळे कुणाचा गुडघा जात नाही.

भाच्यानं फोनवरून रागावून पाहिलं. माझ्या बायकोनं गोडीनं सांगून पाहिलं. अक्का सगळ्यांना हो म्हणायची आणि सकाळी उठून पाइप चढवायची. दोन-तीन उन्हाळे असे गेले.

मग एका उन्हाळ्यात मी तिच्याशेजारी बसलो असताना मला तिच्या पायाला लावलेल्या पावडरच्या वासाखालून दुसरा एक वास आला. मी पाय काढायला लावला. चिंधी कातडीला चिकटली होती. ती सोडवली तेव्हा खाली रुपयाएवढी जखम, ओली, कडा पांढुरक्या. खोबणीची कड नेमकी तिथंच घासत होती.

“हे कधीपासून?”

तिनं वाकून पाहिलं. मनापासून आश्चर्य वाटल्यासारखं पाहिलं. “दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?”

मी तिला अंबाजोगाईला माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि स्पष्ट सांगितलं: जखम भरेपर्यंत कुठलाच पाय नाही, आणि भरल्यावर फक्त तो मऊ अस्तराचा. कडक पायाला पुन्हा हात लावायचा नाही. “पुन्हा जखम झाली तर हाडात जाईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही.” अक्का आमच्याकडे राहिली. कुबड्या आणि माझ्या बायकोचा खांदा यांच्यावर दिवस काढले. दुकानाचं काय होत असेल या काळजीनं ती दाजींना फोन करून डाळींचे भाव विचारायची. जखम भरली, गुलाबी नवी कातडी आली. त्या दिवशी तिनं स्वतःहून म्हटलं, “आता घालते बाबा तो नवा. रोज घालते. झालं समाधान?”

इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

नेकनूरला आम्ही जीपनं गेलो. दाजींनी कपाट उघडलं, पिशवीचं रबर सोडलं. पिशवीतून एक आंबूस वास आला. डांबरगोळ्यांमुळे मी तिकडे दुर्लक्ष केलं. पाय दिसायला नवाकोरा होता. बोटं, नखं, सगळं जागच्या जागी. अक्कानं खाटेवर बसून सिलिकॉनचं अस्तर चढवलं. ते होतं तसंच मऊ होतं. सिलिकॉनच्या साखळीला वाळूच्या कुळातला कणा असतो, त्याला कपाटातल्या तीन-चार वर्षांचं काही वाटत नाही. खोबणीत पाय घातला, टक् असा आवाज होऊन अस्तराच्या टोकाची खिळी आत अडकली. ती उभी राहिली.

“लई हलका हाय की रे,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे चालायला लागली.

“हे काय सांडायलंय?” दाजींनी विचारलं.

शहाबादी फरशीवर तिच्या मागे पिवळट तपकिरी चुरा पडत होता. मला क्षणभर वाटलं तिच्या पदरातून गूळ सांडतोय. तेवढ्यात टाच खचली आणि ती एका अंगावर कलली. मी आणि दाजींनी दोन्हीकडून धरलं. खाली बसवून पंजा हातात घेतला. वरची कातडी तडकली होती आणि आतला फोम नखानं उकरला जात होता, शिळ्या खारी बिस्किटासारखा. आणखी दाबलं तर बोटं सुटून आली. नखं अजून शाबूत होती.

“नवा हाय तो,” अक्का म्हणाली. “दोनदा-तीनदाच तर घातलाय.”

तिनं ते दोन-तीन वेळा म्हटलं. मग फरशीवरचा चुरा हातानं एका जागी गोळा केला.

काय झालं ते मला माहीत होतं, आणि ते सांगायला त्याहून वाईट जागा माझ्या आयुष्यात आली नाही. पॉलियुरेथेनचा फोम जन्मतो तोच पाण्याच्या मदतीनं. दोन द्रवांच्या मिश्रणात किंचित पाणी असतं, त्यातून वायूचे बुडबुडे उठतात आणि ढोकळ्यासारखी जाळी पडते. पण त्याच्या साखळ्यांत ठरावीक अंतरावर असे सांधे असतात की ज्यांना पाणी पुढे जाऊन कापू शकतं. पॉलिथिलीनच्या साखळीत तसा सांधा नाही, कार्बनला कार्बन, पाण्याला पकडायला जागाच नाही. म्हणून दाजींचे पाइप उघड्यावर पडून आहेत. फोममध्ये एक एक सांधा कापला गेला की थोडं आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढचा सांधा कापायला हातभार लावतं. उघड्यावर असतं तर ओल तरी वाळली असती. अक्कानं पाणी, आम्ल आणि मराठवाड्याचा उन्हाळा एका पिशवीत घालून वरून रबर लावलं होतं. कदाचित तो पंजा तिच्याकडे येण्याआधीही कुठल्या तरी गोदामात बरीच वर्षं पडून असेल. ते कळायला मार्ग नाही, आणि कळून फोम परत फोम होत नाही.

“चिकटवा की कायतरी लावून,” दाजी म्हणाले. “केमिस्ट्रीचे ना तुमी?”

चिकटवायला दोन बाजू लागतात. इथं एकच उरली होती, दुसरीचं पीठ झालं होतं. जुन्याचा रबरी पंजा नव्याला बसतो का पाहावं म्हणून आम्ही दोन्ही पाय रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याकडे नेले. त्यानं दोन्ही उलटेपालटे करून पाहिले. बोल्ट वेगळे, उंची वेगळी.

“वेल्डिंग मारून देतो की,” तो म्हणाला. “पन काकू पडल्या तर मला बोलू नगा, काका.”

परत आणले.

भाच्यानं पुण्यात चौकशी केली. पंजा एका बोल्टवर बसतो, बदलायला वेळ लागत नाही, मिळायला लागतो. अक्काचं पाऊल लहान, त्या मापाचा डावा पंजा बाहेरून मागवावा लागणार होता. तोवर तिनं बसून राहायचं, एवढंच करायचं होतं. भाच्यानं वॉकर पाठवला, आणि खाली भांडं असलेली संडासाची खुर्ची पाठवली. घराच्या आत ती ठेवायला एकच जागा होती, मधल्या खोलीत. त्या खोलीची मागची भिंत देवघराची.

“ही हितं?” अक्का म्हणाली. “महादेवाच्या भिंतीला पाठ लावून? त्यापरीस मेलेली बरी.”

“मग पत्र्याच्या खोलीत ठेवू,” मी म्हटलं.

“तिथं धान्य हाय.”

“अक्का, देव समजून घेतो.”

“तुझा घेत असंल,” ती म्हणाली. “तू कधी त्याला तोंड तरी दाखवतूस का?”

मी देवाच्या बाजूनं बोलायला अपात्र होतो आणि शास्त्राच्या बाजूनं बोललेलं तिचं ऐकून झालं होतं. संडासाच्या वाटेवर अंगणात खडी आणि उंचसखल दगड. वॉकरचे पाय तिथं अडकायचे. दाजी तिला धरून न्यायचे, पण सकाळी दुधाची गाडी यायची आणि दाजी दुकानात अडकायचे. मग ती पाइप चढवायची. फक्त अंगणापुरता. जायचं, यायचं, काढून ठेवायचा. कुणाला कळू नये म्हणून नव्हे. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. मी फोन केला की ती सांगायचीही: “एवढ्यातल्या एवढ्यात काय व्हतंय?”

“अक्का, डॉक्टरांनी...”

“दुखत न्हाई रे.”

मी दाजींवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ते म्हणाले, “तुमी या आन् बांधून ठेवा तिला. माझं ऐकती का ती?” तेही खरं होतं. मी रविवारी गेलो. पाइपाचा पाय उचलून मी माळ्यावर टाकला. पुढच्या रविवारी तो खाली होता. तिनं गिऱ्हाइकाच्या मुलीकडून काढून घेतला होता.

पंजा आला. भाचा स्वतः घेऊन आला, त्यानं स्वतः पान्यानं बोल्ट आवळला. ताजा, घट्ट, दाबला तर पुन्हा वर येणारा. अक्कानं अस्तर चढवायला घेतलं. ते चढेना. पाय सुजला होता, कातडी ताणून चकाकत होती. भाच्यानं हात लावून पाहिलं आणि मला म्हणाला, “मामा, गरम लागतंय.” चिंधी काढली. जुन्याच जागी, गुलाबी कातडीच्या मधोमध, या वेळी खोल.

दवाखान्यात सगळं घाईत झालं. तेच सर्जन होते. त्यांनी सळईसारख्या बारीक उपकरणानं जखम तपासली, आणि ते उपकरण हाडाला टेकल्याचं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

“गुडघा?” अक्कानं विचारलं.

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “जीव आधी, मावशी.”

ऑपरेशननंतर दोन दिवस ती गुंगीतच होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला तरतरी आली. भाचा औषधं आणायला गेला होता. दाजी खाटेच्या पायथ्याशी, पांघरूण आता एका बाजूनं मांडीपासूनच सपाट होतं तिकडे न बघता बसले होते.

“गुडघ्याचा पन पाय मिळतोय म्हनं पुण्यात,” ते म्हणाले. “वाकतोय, सरळ व्हतोय. पोरानं व्हिडिओ दाखवला मला. एक मानूस पळायलाय त्यात.”

अक्का माझ्याकडे वळली. “तो गुडघा कशाचा असतोय रे?”

“स्टीलचा असतो. ॲल्युमिनियमचा असतो. काहींचे भाग नायलॉनचे.”

“नायलॉन म्हंजे दोरीचं?”

“तेच.”

“खाली बसता येतंय का त्यानं? पाटावर? भाकरी करायला?”

“येतंय की,” दाजी लगेच म्हणाले. “कावून न्हाई येनार? वाकतोय म्हनल्यावर.”

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. व्हरांड्यात सर्जननं परत न चालण्याविषयी जे सांगितलं होतं ते दाजींनाही माहीत होतं, मीच सांगितलं होतं. तरी तेही बघत होते, आणि त्यांच्या नजरेत विनंती होती. हो म्हणणं मला जमलं नाही. नाही म्हणणं तर नाहीच.

“नायलॉन फार चिवट असतो,” मी म्हणालो. “त्याच्या साखळ्या शेजारी शेजारी असतात ना, त्या एकमेकींना धरून ठेवतात. हायड्रोजनचे बंध म्हणतात त्याला. एक बंध अगदी कमजोर असतो, पण असे असंख्य असतात, म्हणून घासलं तरी तो लवकर झिजत नाही. तेलाशिवायसुद्धा फिरतो...”

मी बोलत राहिलो. दाजींनी मान खाली घातली. अक्का मात्र डोळे उघडे ठेवून, मधे काही न विचारता, ऐकत राहिली.